चार सेंटिमीटरची घोषणा

६ जानेवारी, सोमवार. सकाळी ७.
नवीन वर्ष, नवीन वही, नवीन पद. डिजिटल राजनय विभागप्रमुख! इथे ला पासला परराष्ट्र सेवेच्या प्रबोधिनीत असा विभागच नव्हता, खास माझ्यासाठी काढला. क्लोतिल्दे म्हणते की तुला कुठे ठेवावं ते कुणाला कळेना म्हणून काढला. बायको आहे, बोलणारच.

संकल्प. हा आठ आठवड्यांचा कोर्स असा गाजवायचा की मंत्र्यांना मला राजदूत म्हणून जिनिव्हाला पाठवण्यावाचून गत्यंतर उरू नये. रोज एक तास कॉम्प्युटरचा सराव. कुणावरही हात उचलायचा नाही. गेल्या वर्षीच्या त्या प्रिंटर दुरुस्तीवाल्याच्या प्रकरणात चूक त्याची होती, पण दात त्याचे पडले, त्यामुळे लोक अजून माझंच नाव घेतात.

वही कागदाचीच घेतली आहे. कॉम्प्युटरवर लिहिलेलं कुणीही वाचू शकतं. पहिल्याच तासाला हे शिकवणार.

रात्री ८.
पहिला तास उत्तम. बाहेर खाणकामगारांचा मोर्चा चालला होता. दर दोन मिनिटांनी एक सुरुंगाची कांडी फुटायची, तावदानं थरथरायची आणि मला तेच वाक्य पुन्हा म्हणावं लागायचं. विषय होता ऑनलाइन संयम. अकरा प्रशिक्षणार्थी. त्यात एक निवृत्त कर्नल, आनीबाल सोरुको. मान नाहीच, खांद्यावर थेट डोकं. मी सांगितलं की कुणी अपमान केला तर उत्तर द्यायच्या आधी वीस मिनिटं थांबायचं. कर्नलने विचारलं की अपमान करणारा समोरच उभा असेल तर? मी म्हटलं, ऑनलाइन तो समोर नसतो. तो म्हणाला, मग त्याला हाणायचं कसं? सगळ्या वर्गाने हे वहीत उतरवून घेतलं.

लुस्मिलाचा फोन आला. माझी थोरली. चाकाउमाला वाणिज्यदूत आहे, पुलाच्या पलीकडच्या अंगाला. (पलीकडच्या देशाचं नाव मी रोजनिशीतही लिहीत नाही. एकतीस वर्षांच्या नोकरीची सवय.) गाव एकच, मधून नदी, नदीवर एक पूल, पुलाच्या बरोबर मध्यावर पिवळी रेघ. मंगळवार-शुक्रवार बाजार. हजारभर हमाल तीनचाकी सायकलगाड्यांवरून माल इकडून तिकडे नेतात. ती म्हणाली, पप्पा, गेल्या मंगळवारी कुणीतरी फोनवर टाकलं की पूल बंद होणार. अर्ध्या तासात दोघांची डोकी फुटली, एक गाडी माणसासकट नदीत गेली. पुलाबद्दल मंत्रालयाच्या अकाउंटवरून काहीही टाकायच्या आधी मला एक फोन करा. काहीही म्हणजे काहीही. आणि मी फोन केला तर उचला.

शब्द दिला. भिंतीवर चिठ्ठीही चिकटवली. बापाचा शब्द आहे.

९ जानेवारी, गुरुवार.
आजचा सराव: दोन काल्पनिक देश, एक काल्पनिक टेकडी, तिच्यावरून वाद. दोन गट, दोन खोल्या, सरावाचं वेगळं अकाउंट. नियम एकच, हत्यार फक्त शब्द.

सव्वादहाला ब गटाने अ गटाच्या काल्पनिक राष्ट्राध्यक्षाच्या काल्पनिक आईविषयी काहीतरी लिहिलं. दहा वीसला कर्नल आपल्या खोलीतून बाहेर पडला. दहा एकवीसला तो दुसऱ्या खोलीत होता आणि मधल्या दाराचे दोन तुकडे झाले होते. तृतीय सचिव ओक्ताव्हियोचं नाक मोडलं. एवढंसं नाक, पण रक्त किती! कीबोर्डभर झालं. आता तीन बटणं दाबली की वर येत नाहीत. मी एकतीस वर्षांच्या अनुभवानिशी मध्ये पडलो आणि कर्नलचं कोपर माझ्या डोळ्यात गेलं.

मूल्यमापनाच्या रकान्यात लिहिलं: प्रशिक्षणार्थींचा सहभाग संपूर्ण.

पेत्रोनिलाने डोळ्यावर बटाट्याच्या चकत्या बांधून दिल्या. बावीस वर्षं कचेरीत सेक्रेटरी आहे, घेरदार परकर, डोक्यावर ती गोल टोपी, तोंड भलतंच चालतं. म्हणाली, डॉक्टरसाहेब, खोटी टेकडी होती म्हणून नाकावर भागलं, खरी असती तर मढी उचलावी लागली असती. कायद्याची पदवी असलेल्या प्रत्येकाला इथे डॉक्टर म्हणतात. तिच्या तोंडून मात्र ते नेहमी आजार असल्यासारखं ऐकू येतं.

१४ जानेवारी, मंगळवार.
कॉम्प्युटरचा सराव: चार तास. संकल्पापेक्षा तीन जास्त.

पलीकडचा एक इसम आहे, "तळ्याचा पुमा" नावाने लिहितो. माझ्या फोटोखाली त्याने लिहिलं की हा टाय याने आजोबांच्या प्रेतावरून काढलेला दिसतो. (टाय वडिलांचा आहे.) मी संयम पाळला. वीस मिनिटं थांबलो. त्या वीस मिनिटांत उत्तर लिहिलं. "शांतीचं कबूतर" या टोपणनावाने त्याला कळवलं की त्याची कोणकोणती हाडं कोणत्या क्रमाने मोडण्यात येतील. त्याने स्वतःच्या घरापर्यंतचा नकाशा पाठवला आणि लिहिलं, ये रे राजा, वाट बघतो. त्याला तीनशे लोकांची पसंती. माझ्या उत्तराला एक, तीही चुकून माझीच.

माउस भिंतीवर फेकला. संस्थापकांच्या तसबिरीची काच फुटली, एक तुकडा ओक्ताव्हियोच्या हातात घुसला. नाकाचं प्लास्टर असल्यामुळे त्याला तो येताना दिसला नाही. याला जनमताचा कानोसा म्हणतात आणि तो घ्यावाच लागतो.

संध्याकाळी लुस्मिला. बाजारात सुरे निघाले होते. तिने आणि तिचा रखवालदार साबिनो यांनी कचेरीतलं बाकडं आडवं घालून दोन टोळ्या वेगळ्या केल्या. तिने पुन्हा विचारलं की पप्पा, मंत्रालयाच्या अकाउंटवरून रोज सकाळी माझ्या आवाजात, आयमारा भाषेत, पूल उघडा आहे एवढंच सांगता येईल का? एक ओळखीचा आवाज असला की लोक दगड उचलायच्या आधी तो ऐकतील. मी सांगितलं की आवाजाचा विषय अभ्यासक्रमात सातव्या आठवड्यात आहे. तिने फोन ठेवला. पोर दमलेली वाटते. ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या पाठवायला हव्यात.

१७ जानेवारी, शुक्रवार.
मोठी बातमी! मंत्री २४ तारखेला कोर्सचं फळ बघायला जातीने येणार. स्वीय सचिव म्हणाला की साहेबांना अशी एक पोस्ट हवी जी अख्ख्या देशाने बघितली पाहिजे. सध्या मंत्रालयाच्या अकाउंटला एकवीसशे लोक आहेत. पेत्रोनिलाच्या मते त्यातले निम्मे आपलेच कर्मचारी आणि बाकीचे गाद्या विकणारे.

जिनिव्हा इतकं जवळ कधीच नव्हतं. क्लोतिल्देला गरम कोट बघून ठेवायला सांगितलं. ती म्हणाली, माझ्याकडे आहे, तू स्वतःचं बघ.

२० जानेवारी, सोमवार.
सुचलं! न्हाव्याच्या खुर्चीत सुचलं आणि मी एकदम उठलो, त्यामुळे कानाला जरा कापलं आहे.

२४ तारखेला आलासिताची जत्रा. बरोबर बारा वाजता सगळं शहर हवं ते छोटं करून विकत घेतं. तळहाताएवढं घर, बोटाएवढी मोटार, नखाएवढी पदवी. यातिरीकडून, म्हणजे आयमारा भगताकडून, त्याला धूप घालून घेतलं की वर्षभरात खरं होतं. वर्तमानपत्रंसुद्धा त्या दिवशी पोस्टकार्डाएवढा अंक काढतात, आत सगळ्या थापा आणि टवाळी. मी स्वतः सहा वर्षं जिनिव्हाचं नियुक्तिपत्र घेतो आहे, चार सेंटिमीटरचं. मग मंत्रालयाने एक चिमुकली घोषणा का काढू नये? चिमुकला शिक्का, चिमुकली सही, अन् लोकांना हवी ती बातमी!

बातमी कोणती, यावर वर्गात मतदान घेतलं. कर्नलने टेबलावर मूठ आपटून पूल सुचवला. लगेच एकमत झालं. मजकूर: "आज दुपारी बारापासून चाकाउमाचा पूल दोन्ही टोकांसकट आमचा. पलीकडच्यांनी सायकलगाडीवरून उतरून, टोपी काढून, कर भरून पार व्हावं. न ऐकणाऱ्यास पाण्यात सोडण्यात येईल." शेवटचं वाक्य कर्नलचं. मला ते किंचित कडक वाटलं. पण चार सेंटिमीटरमध्ये कडक गोष्टसुद्धा गोंडस दिसते.

पेत्रोनिलाने भिंतीवरच्या चिठ्ठीकडे बोट दाखवून विचारलं की बाईसाहेबांना फोन लावू का. मी म्हटलं, खेळणं आहे ते, खेळण्याबद्दल वाणिज्यदूताचा सल्ला कोण घेतो! तरी नोंद: उद्या लुस्मिलाला फोन.

२२ जानेवारी, बुधवार.
दिवसभर जत्रेत, शिक्क्यापायी. कारागीर म्हणाला की मंत्रालयाचा शिक्का छोटा असला तरी शिक्काच, लेखी परवानगी आणा. मी म्हटलं, मीच परवानगी. त्याने माझा टाय धरला, मी त्याची मानगूट. त्याच्या मागची अख्खी मांडणी आमच्यावर आली. सतरा एकेको फुटले. समृद्धीचा देव, पाठीवर साखरेची, तांदळाची पोती घेतलेला. त्यातले दोन माझ्या डोक्यावर फुटले, शुभच म्हणायचं. शिक्का मिळाला.

फोन राहिला. उद्या नक्की.

२३ जानेवारी, गुरुवार.
लावला. एंगेज लागला. माझ्या बाजूने प्रयत्न झाला आहे.

२४ जानेवारी, शुक्रवार. सकाळी ९.
निळा सूट. वडिलांचा टाय (धुऊन).

११:४०
जत्रेत. गर्दी अशी की बरगडी आपली की शेजाऱ्याची ते कळत नाही. घोषणा सुंदर झाली आहे, अंगठ्याएवढी. पेत्रोनिलाचं एकच टुमणं, फोटोत शेजारी काडेपेटी ठेवा. म्हणते, डॉक्टरसाहेब, फोनमध्ये सगळं फोनएवढंच दिसतं, अंगठ्याएवढं आहे हे कुणाला कळणार? मी नकार दिला. मंत्रालयाच्या घोषणेशेजारी काडेपेटी! काही दर्जा म्हणून असतो.

१२:००
धूप, दारूचा शिंतोडा, फुलाच्या पाकळ्या. यातिरीने तीनदा म्हटलं की खरं होवो. ठोक्याला पोस्ट केली. बटण मी स्वतः दाबलं.

१२:०७
नऊ हजार!

१२:३१
ऐंशी हजार. मंत्री आले. सगळ्यांसमोर मिठी मारली. म्हणाले, उर्किसो, इतकी वर्षं तुम्हाला कुठे लपवून ठेवलं होतं? मी म्हटलं, साहेब, तळमजल्यावर.

१२:४५
प्रबोधिनीत परतलो, मंत्र्यांसोबत आलासिताचं जेवण. मक्याचं कणीस, उकडलेल्या बाकल्याच्या शेंगा, बटाटा, तळलेलं चीज. फोन सारखा वाजतो आहे. अभिनंदनाचे असणार. जेवताना फोन घेणं शिष्टाचारात बसत नाही.

१:३०
दोन लाख दहा हजार. पलीकडूनही प्रतिसाद प्रचंड, शिव्यांचं वैविध्य वाखाणण्यासारखं. तळ्याच्या पुमाने एकच शब्द लिहिला: निघालो. अखेर हरला! शांतीच्या कबुतराने त्याला निरोपाचा हात दाखवला.

२:१५
पेत्रोनिला दार न वाजवता आत आली आणि तिचा फोन माझ्या ताटातल्या शेंगांवर ठेवला. म्हणाली, आज शुक्रवार आहे. बाजार आहे. आणि त्यांची आलासिता मे महिन्यात असते.

फोनवर पूल. पिवळी रेघ दिसत नाही, तिच्यावर सायकलगाड्या जळताहेत. आपले हमाल गोफणीने दगड मारताहेत, त्यांचे हमाल ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे घेऊन धावताहेत. कुणीतरी एका म्हाताऱ्याची टोपी काढली आणि मग त्याच हाताने त्याचं डोकं कठड्यावर आपटलं. एकदा नाही, चारदा. एकाला पायाला धरून पाण्यावर टांगलेलं. आपल्या वाणिज्य दूतावासाची पांढरी भिंत धुराने काळी. दारात लुस्मिला, हातात कर्णा, ओरडते आहे की खेळणं आहे, आलासिताचं खेळणं आहे. तिच्यापुढे साबिनो, बाकडं उभं धरून. गर्दीतला एक जण तिच्या तोंडासमोर फोन नाचवत विचारतो आहे की खेळणं एवढं मोठं असतं होय?

मंत्री जेवण अर्धवट टाकून मागच्या जिन्याने गेले.

२:२०
घाबरायचं नाही. दुरुस्तीपत्रक काढायचं. भाषा नेमकी हवी. पहिला मसुदा केला. कर्नलला "क्षमा" शब्द चालत नाही. "खेद" की "दिलगिरी" यावर चर्चा.

२:५०
तिसरा मसुदा. खेद ठरला.

२:५५
पासवर्ड चालत नाही. कर्नलने आज पोस्ट गेल्या गेल्या बदलला. मीच शिकवलं होतं की पासवर्ड असा ठेवा की कुणालाच ओळखता येऊ नये. आता तो त्यालाही ओळखता येत नाही. त्याने कॉम्प्युटरला ठोसा मारला. मी त्याला मारला. आयुष्यात पहिल्यांदा माझा ठोसा जिथे जायला हवा तिथे गेला. मग त्याचा आला. खालचा एक दात माझ्या हातात आहे. लिहिताना वहीवर रक्त पडतं आहे, ते खेदाच्या मसुद्यावर पडू नये म्हणून सरकून बसलो.

४:१०
पोस्ट अकाउंटवरून पुसली गेली. पेत्रोनिलाने काढली. कर्नलने पासवर्ड आधी कागदावर लिहून चोळामोळा करून टाकला होता, तिने कचऱ्याच्या टोपल्या उपड्या करून तो शोधला. त्याआधी तिने चाकाउमाला आपल्या बाजूला मासे विकणाऱ्या मामेबहिणीला फोन केला. मामेबहिणीने मासे विकायच्या कर्ण्यावरून आयमारात सांगितलं की अरे, ते अंगठ्याएवढं कागदाचं खेळणं आहे, मी देवाशपथ सांगते. तिच्या ओळखीचे लोक थांबले. पुलाच्या त्या टोकाला तिला कुणी ओळखत नाही.

५:००
लुस्मिलाचा फोन बंद.

५:०५
बंद.

२५ जानेवारी, शनिवार.
क्लोतिल्दे आणि मी पहाटे निघालो. वाटेत दोन ठिकाणी रस्ता अडवलेला, टायर जळत होते. एका ठिकाणी गाडीची पुढची काच गेली.

पुलावर बुटांचे ढीग. जोडीचे नाहीत, एकेकटे. करपलेला मका. कठड्यावर एक कानटोपी लोकरीची, गोठलेली. साबिनो गेला. दगड लुस्मिलाला मारलेला होता, बाकडं फुटलं, मग पुढचा त्याच्या कपाळावर बसला. त्यानंतरचा तिला. जबडा तीन ठिकाणी मोडला, डावा कान फुटला. पलीकडच्याच एका डॉक्टरने तिला पाठीवर घेऊन आपल्या बाजूला आणून दिलं. त्याचं नाव विचारायचं राहिलं. एकूण मेलेले चार म्हणतात. जखमी कुणी मोजले नाहीत.

तिला विमानाने ला पासला आणलं. शुद्धीवर नाही. डॉक्टर म्हणाले की विश्रांती चालू आहे असं समजा. समजतो आहे.

पोस्ट शेवटी अकरा लाख लोकांनी पाहिली. आपल्या सेवेच्या इतिहासात एवढा आकडा कुणाला गाठता आलेला नाही. नोंद म्हणून लिहून ठेवतो.

२८ जानेवारी, मंगळवार.
चौकशी. तयारीनिशी गेलो. मूळ घोषणा आणि एक फूटपट्टी. चौकशी अधिकाऱ्यापुढे ठेवून मोजून दाखवलं की लांबी चार सेंटिमीटर, रुंदी अडीच. एवढ्या कागदाला कोण घाबरतो? अधिकाऱ्याने खिशातून स्वतःचा फोन काढला, त्यावर तोच फोटो उघडला आणि कागदाशेजारी ठेवला.  मला वाटतं मुद्दा पटला.

जिनिव्हाला कर्नल सोरुको जातोय. या सगळ्या प्रकरणात त्याची सही कशावरही नाही, आणि त्याच्या काळ्यानिळ्या डोळ्यामुळे तोच या हिंसाचाराचा बळी दिसतो. डोळा मी केला. ओक्ताव्हियो त्याचा सहायक म्हणून जातोय, बिचाऱ्याचं नाक अजून जागेवर आलेलं नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार.
तरी सगळं संपलेलं नाही. मुद्दा इतकाच आहे की ते खेळणं होतं हे तिथल्या एखाद्या जबाबदार व्यक्तीला माहीत होतं का. लुस्मिलाला होतं! व्हिडिओत ओरडून सांगते आहे. तिच्याहून चांगला साक्षीदार कोण? जबाब टाइप करून ठेवला, दोन प्रती. तिने फक्त सही करायची आहे, बोलायची गरज नाही.

क्लोतिल्दे २५ तारखेपासून माझ्याशी बोललेली नाही. आज बोलली. म्हणाली की तिच्याकडे सही मागायला गेलास तर या घरात पाय ठेवू नकोस. आणि लोखंडी तवा फेकला. खांद्यावर बसला. हात वर जात नाही. आईचं मन आहे, समजू शकतो.

भिंतीवरची चिठ्ठी पेत्रोनिलाने काढली. मी तिला फाडायला सांगितलं. तिने ती टोपीत ठेवली.

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी १०.
आज लुस्मिलाला भेटायची परवानगी. जबाब आतल्या खिशात. आधी चौकशी, मग इकडचं तिकडचं, मग अलगद कागद. अशा गोष्टीत घाई करून चालत नाही, हे माझ्या एकतीस वर्षांच्या—

दुपारी ४.
जबडा तारांनी बांधलेला आहे. बोलता येत नाही, फोनवर लिहून दाखवते. केस एका बाजूने काढले आहेत, त्या बाजूच्या कानाने आता ऐकू येत नाही. लहानपणी तिला गोवर आला होता तेव्हा ती अशीच दिसायची, तेवढीच.

तिने काही विचारायच्या आधी मीच सांगून टाकलं की त्या दिवशी जत्रेत इतकी गर्दी होती की नेटवर्कच नव्हतं. तिने लिहिलं: रिंग जात होती.

मग तिने फोन माझ्याकडे वळवला. बारा अडतीसपासून दोन वाजून नऊ मिनिटांपर्यंत. एकोणीस वेळा. खाली लिहिलं होतं: पहिला दगड १:५० ला पडला. तोवर ते नुसते विचारायला आले होते.

मी जबाब बाहेर काढला नाही.

तिने लिहिलं: तुम्ही काय करत होतात?

चौकशीत हे कुणीच विचारलं नव्हतं. मंत्र्यांसोबत होतो, असं तोंडावर आलं होतं. ते खोटंही नव्हतं. पण ती बघत होती, आणि मी म्हणालो, जेवत होतो. दर वेळी तुझं नाव दिसत होतं. आता रागावशील म्हणून उचलला नाही. आणि चीज नुकतंच तळून आणलेलं होतं, गार झालं की ते चिवट होतं.

 तिने फोन उशाखाली सारला, हळूच कुशीवर वळली आणि चांगला कान उशीत दाबून घेतला.

मी आणखी थोडा वेळ बोलत होतो.